बीज कुठून आलं?

स्वीडनच्या इंदाल्सेल्व्हेन नदीकाठी होल्ले नावाचं एक मत्स्यसंवर्धन केंद्र होतं. ही नदी पूर्वेकडे वाहत जाऊन बाल्टिकच्या उत्तर टोकाच्या बोथ्नियाच्या आखाताला मिळते. होल्लेतल्या सॅमनच्या पिल्लांच्या अंगावर योरान माल्मबर्ग या प्राणिशास्त्रज्ञांना एक जंत सापडला. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. १९५७ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस. माशांवरच्या शेकडो जंतांत आणखी एकाची भर पडली, एवढंच तेव्हा कुणालाही वाटलं असतं. बाल्टिकचा सॅमन या जंतासोबत हजारो वर्षं राहत आला होता. दोघांचंही बरं चाललं होतं.

पुढे अठरा वर्षांनी हा जंत डोंगररांग ओलांडून नॉर्वेत पोचला. त्याला तिथे माणसांनी नेलं आणि सद्हेतूनं नेलं. या सद्हेतूमुळेच त्याचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. मी कोकणातल्या एका महाविद्यालयात माशांचे रोग शिकवले. निवृत्तीनंतर मुलगी त्रोंधैमला नोकरीला असल्यामुळे नॉर्वेत जाणंयेणं झालं. पाठ्यपुस्तकात ज्या नद्यांची नावं मी फळ्यावर लिहीत असे, त्या डोळ्यांनी पाहता आल्या.

त्या काळचं नॉर्वे समजून घ्यायला हवं. १९७० मध्ये हित्रा बेटावर ग्रोन्तवेत बंधूंनी समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात सॅमनची वीस हजार पिल्लं सोडली आणि आज जगभर पसरलेल्या सॅमनपालनाच्या उद्योगाची सुरुवात झाली. पिंजऱ्यासाठी पिल्लं लागतात आणि चांगली वाढणारी पिल्लं हवी तर निवड करावी लागते. फियॉर्डच्या टोकाला वसलेल्या सुन्डाल्सोरा या गावी संशोधन केंद्र उभं राहिलं. ट्रिग्वे येड्रेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या चाळीसेक नद्यांमधून सॅमनची अंडी गोळा करून तिथे निवडपैदास सुरू केली. गाई-मेंढ्यांच्या पैदाशीचं शास्त्र माशाला लावायचं, ही मोठी आणि नवी कल्पना होती. शिवाय नद्यांत सॅमन कमी झाला की हॅचरीतली पिल्लं सोडून तो वाढवायचा, ही तिथली शंभर वर्षांची जुनी रीत. धरण बांधलं, वीज काढली, की भरपाई म्हणून पिल्लं सोडायची. म्हणजे हॅचरीतून पिंजऱ्यात, हॅचरीतून नदीत, एका हॅचरीतून दुसऱ्या हॅचरीत अशी पिल्लांची सारखी ने-आण चालू होती. त्यातच काही पिल्लं स्वीडनहूनही आली.

१९७५ मध्ये हा जंत सुन्डाल्सोराच्या हॅचरीत दिसला. त्याच वर्षी खूप उत्तरेला, मिस्वेरजवळच्या लाक्सेल्वा नदीतही तो आढळला. लाक्सेल्वातली सॅमनची पिल्लं पटापट मरत होती.

तो मारतो कसा, हे सांगण्यासाठी मला आमच्या प्रयोगशाळेत यावं लागेल, कारण याच कुळातले जंत आपल्याकडच्या कार्पच्या बोटुकलीवरही असतात. विद्यार्थ्यांना मी नेहमी एकच काम द्यायची. आजारी बोटुकलीच्या शेपटीजवळून काचपट्टीच्या कडेनं थोडा बुळबुळीत थर खरवडायचा, पाण्याचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आधी नुसता चिकट पडदा दिसतो. मग त्यात काहीतरी जळूसारखं ताणतं, आखडतं, पुढचं टोक टेकवतं, मागचं ओढून घेतं. जंत जवळजवळ पारदर्शक असतो. मागच्या टोकाला एक चकती, तिच्या मध्यावर दोन मोठे आकडे आणि कडेला सोळा बारीक आकडे. ही चकती माशाच्या कातडीत रुतवून तो उभा राहतो आणि तोंडानं कातडी खातो. मुलं हे सगळं पाहून झालं असं समजून मान वर करायची. मी म्हणायची, आता त्याच्या पोटाकडे बघा. जंताच्या शरीराच्या मध्यभागी आणखी दोन आकडे दिसतात. ते त्याच्या पिल्लाचे. ते पिल्लू जवळजवळ आईएवढंच असतं, घडी घालून आत बसलेलं. नीट प्रकाश लावला, तर त्या पिल्लाच्या पोटातही पुढच्या पिल्लाचे आकडे उमटू लागलेले दिसतात. गायरोडॅक्टिलस अंडी घालत नाही. तो जन्म देतो आणि ज्याला जन्म देतो ते आधीच गरोदर असतं. वाढ पुरी करायला त्याला गोगलगाय लागत नाही, पक्षी लागत नाही, दुसरा कोणताच प्राणी लागत नाही. एक जंत एका माशावर चढला की पुरे.

बाल्टिकचा सॅमन या जंताची वाढ काही आठवड्यांत रोखतो. अटलांटिकच्या बाजूच्या नॉर्वेजियन सॅमनला ते जमत नाही. हिमयुगानंतर हे दोन्ही वंश वेगवेगळ्या पाण्यात राहिले आणि अटलांटिकच्या सॅमनची या जंताशी कधी गाठच पडली नव्हती. ओस्लोचे तूर बाक्के आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये रशियातल्या नेवा नदीचे सॅमन आणि नॉर्वेच्या नद्यांचे सॅमन शेजारी ठेवून हा फरक दाखवला. नेवाच्या पिल्लांवर जंत आले आणि ओसरले. नॉर्वेच्या पिल्लांवर ते वाढतच राहिले. एका बोटाएवढ्या पिल्लावर हजारोंनी जंत. कातडी जागोजागी खाल्ली जाते, अंगावर बुरशी चढते, शरीरातल्या क्षारांचा तोल सुटतो. समुद्राकडे जायच्या वयाला ते पोचतच नाही.

जंत लागलेल्या नद्यांत सॅमनच्या पिल्लांची संख्या सरासरी ८६ टक्क्यांनी घटली. मासेमारीत हाती येणारा सॅमन ८७ टक्क्यांनी. अशा नद्यांची यादी पुढे पन्नासच्या आसपास गेली. वेफ्स्ना, राउमा, ड्रिव्हा, शीबोत्न, ड्रामेन. १९९६ मध्ये लॅर्दाल, जिच्या काठावर एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंडचे श्रीमंत लोक गळ टाकायला येत आणि जिच्या काठच्या शेतकऱ्यांचं उत्पन्न मासेमारीच्या हक्कावर उभं होतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. जंत बाहेरून आला, हे सुरुवातीला कुणी सहज मान्य केलं नाही, आणि ते साहजिक होतं. इतका बारीक जीव, आधी कुणी शोधलाच नव्हता. तो नॉर्वेच्या नद्यांत पूर्वापार असेल, आता पाणी बिघडल्यामुळे किंवा सॅमन अशक्त झाल्यामुळे उचल खाल्ली असेल, असं म्हणणारे जाणते शास्त्रज्ञही होते. हा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि त्यावर बरंच काही अवलंबून होतं. जंत मूळचाच असेल तर त्याला नदीतून हाकलण्यात अर्थ नव्हता. पाहुणा असेल तर हाकलणं शक्य होतं.

ब्योर्न ओवे यॉन्सेन आणि आर्ने येन्सेन या दोन संशोधकांनी नदीनदीतून फिरून पिल्लं मोजली होती. कोणत्या नदीत जंत कधी दिसला, याची त्यांची यादी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हॅचऱ्यांच्या नोंदी: कोणत्या वर्षी, कोणत्या केंद्रातून, कोणत्या नदीत पिल्लं सोडली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसू लागलं की जंत लागलेल्या हॅचरीतून जिथे पिल्लं गेली, तिथे रोग उगवला. उरलेल्यांपैकी बहुतेक नद्या या नद्यांच्या शेजारी, त्याच फियॉर्डमध्ये उतरणाऱ्या होत्या. फियॉर्डच्या वरच्या थरातलं पाणी नद्यांमुळे मचूळ असतं. समुद्राच्या पुऱ्या खाऱ्या पाण्यात हा जंत काही मिनिटांत मरतो, पण मचूळ पाण्यात तो तग धरतो आणि माशाच्या अंगावर बसून शेजारच्या नदीत चढतो. उत्तरेकडच्या शीबोत्नपर्यंत तो स्वीडनहून आलेल्या माशांच्या वाहतुकीतून गेला, ड्रामेनच्या बाजूला रेनबो ट्राउटबरोबर गेला. हा ट्राउट जंत अंगावर बाळगतो आणि स्वतः धड राहतो. २००३ मध्ये हान्सेन, बाखमन आणि बाक्के यांनी जंतांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली आणि तो नॉर्वेत किमान तीन वेगवेगळ्या वेळी आल्याचं दाखवलं. नोंदवह्यांतून जे आधीच दिसत होतं, तेच जनुकांनी सांगितलं.

हॅचरीच्या कारकुनानं दरवर्षी सवयीनं भरलेले ते रकाने नसते, तर हा वाद आणखी वीस वर्षं चालला असता, असं मला खात्रीनं वाटतं. मी रोगनिदान शिकवलं, औषधं शिकवली, पण आयुष्यभराच्या कामातून मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही आहे: कोणतं बीज कुठून कुठे गेलं, याची लिहून ठेवलेली ओळ.

आपल्याकडे ही ओळ कुठे आहे? आपला मत्स्यबीजाचा धंदा नॉर्वेपेक्षा जुना आहे. बंगालच्या नद्यांतून पावसाळ्यात गोळा केलेले रोहू, कटला, मृगळचे जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेनं देशभर जात. हंडीतलं पाणी हातानं हलवत बसणारी माणसं सोबत असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्पकडून तळ्यात अंडी घालून घेतली, आणि नदीवरचं अवलंबून राहणं संपायला सुरुवात झाली. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण दरवर्षी राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो. १९५९ मध्ये गवत्या आणि चंदेरा हे परदेशी कार्पही आपल्याकडे आले. आज जून-जुलैत विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर किंवा मराठवाड्यातल्या शेततळ्यांवर रात्रीच्या गाड्या येतात. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उतरतात, जिरे वाटीच्या मापानं मोजले जातात, पैसे हातात दिले जातात, गाडी पुढच्या तालुक्याला निघते. बीज कोणत्या केंद्रातलं, त्या केंद्रानं जनक मासे कुठून आणले, वाटेत पाणी कुठल्या नाल्यातून बदललं, हे सांगणारा कागद फार थोड्या संस्थांकडे मी पाहिला आहे.

मग तीन आठवड्यांनी फोन येतो. मासे काठाला अंग घासतात, पाणी येतं त्या तोंडाशी जमून धापा टाकतात, अंगावर पांढुरका बुळबुळीत थर आलाय. कल्ले फिकट असले तर बहुधा डॅक्टिलोगायरस, कल्ल्यात राहणारा आणि अंडी घालणारा गायरोडॅक्टिलसचा भाऊबंद. कातडी आणि पर खाल्लेले असले तर गायरोडॅक्टिलस. दोन-तीन टक्के मिठाच्या पाण्यात मासे काही मिनिटं बुडवून काढले की बरेच जंत सुटतात. दाटी कमी केली, पाणी बदललं की मासा सावरतो. कार्प या जंतांना सहसा पुरून उरतो, हे आपलं नशीब. पण मीठ सांगून झालं की मी नेहमी विचारते, दादा, बीज कुठलं होतं? उत्तर येतं, मॅडम, गाडीवाल्यानं दिलं.

हा प्रश्न केवळ कातडीवरच्या जंतापुरता नाही. सात्यू यामागुती यांनी १९३४ मध्ये जपानमधल्या क्योतोजवळच्या ओगुरा तलावातल्या एका छोट्या माशाच्या आतड्यातून एका पट्टकृमीचं वर्णन केलं. तो तलाव पुढे आटवून शेतीला दिला गेला. पट्टकृमी मात्र गवत्या कार्पच्या आतड्यात बसून सोव्हिएत संघात गेला, युरोपात गेला, अमेरिकेत गेला, आणि १९९० मध्ये ग्रँड कॅन्यनमधल्या लिटल कोलोरॅडो नदीत दुर्मीळ झालेल्या हंपबॅक चब माशात सापडला. तळ्यातलं गवत खाऊन पाणी साफ करणारा गुणी मासा म्हणून गवत्याला सगळ्यांनी बोलावलं होतं.

नॉर्वेनं पाहुण्याला हाकलायचं ठरवलं तेव्हा हाती एकच साधन होतं, आणि ते कठोर होतं. ते म्हणजे रोटेनॉन, जे काही शेंगवर्गीय झाडांच्या मुळांत असतं. दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात लोक त्यानं मासे धरत आले आहेत. ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. आपल्याकडे तळं तयार करताना नको असलेले मासे काढायला मोहाची पेंड टाकतात. तिच्यातलं द्रव्य वेगळं, हेतू तोच. फरक एवढा की आपण एक तळं रिकामं करतो, त्यांना उगमापासून फियॉर्डपर्यंत अख्खी नदी रिकामी करायची होती. यजमानच उरला नाही तर जंत जगणार नाही, असा हिशोब. १९८१ मध्ये विक्या नदीपासून हे सुरू झालं.

ज्यांनी हे काम केलं, त्यांचं वर्णन वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. मुख्य प्रवाहात ठरावीक अंतरावर पिंपांतून द्रावण थेंबथेंब सोडायचं, एवढं पुरत नाही. काठावरचं प्रत्येक डबकं, प्रत्येक ओहोळ, दगडांखालून पाझरणारा प्रत्येक झरा माणसांनी चालत जाऊन झारीनं शिंपायचा, कारण एका थंड झऱ्याच्या तोंडाशी विषापासून बचावलेलं एक पिल्लू आणि त्याच्यावरचा एक गरोदर जंत पुरेसा असतो. राउमा १९९३ मध्ये शिंपली, १९९६ मध्ये जंत परत दिसला. शीबोत्न १९८८ मध्ये शिंपली, १९९५ मध्ये पुन्हा, तरी जंत उरला. तळातून वर येणाऱ्या भूजलात मासे लपतात, हे या अपयशांतून कळलं. पुढे झऱ्यांचे नकाशे हिवाळ्यात काढले जाऊ लागले, कारण बर्फ साचलं असताना जिथे पाणी गोठत नाही, तिथे खालून झरा आहे हे ओळखता येतं. वेफ्स्नाच्या खोऱ्यात तर जंत तलावातल्या आर्क्टिक चार जातीच्या माशांवर टिकून राहत असल्याचं आढळलं, म्हणून २०११ आणि २०१२ मध्ये नदीबरोबर तलावही घेतले गेले. लॅर्दालला त्याच दोन वर्षांत दुसरी वाट चोखाळली: आम्ल केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची इतकी मोजकी मात्रा की जंत मरावा आणि मासा जगावा. वेफ्स्ना आणि लॅर्दाल २०१७ मध्ये मुक्त जाहीर झाल्या, राउमा २०१९ मध्ये, शीबोत्न २०२२ मध्ये.

नदीतले सगळे मासे मारायचे तर त्या नदीचा सॅमन पुन्हा आणायचा कुठून? इथे पुन्हा नोंदवहीच कामी आली, आणि यावेळी ती आधीपासून विचार करून ठेवलेली होती. १९८६ मध्ये नॉर्वेनं रानटी सॅमनच्या रेताची गोठवलेली पेढी सुरू केली, पुढे जिवंत माशांची पेढी उभारली. त्रोंदेलागमधलं हाउकविक हे त्यातलं एक केंद्र. नदीतून मासे घेऊन थेट केंद्रात आणायचे नाहीत, फक्त अंडी आणायची आणि ती आयोडीननं धुऊन घ्यायची, कारण जंत मासा सोडून अंड्यावर टिकत नाही. प्रत्येक नदीचा वंश वेगळा, त्यातलं प्रत्येक कुटुंब वेगळं, कोणती मादी कोणत्या नराशी, सगळं लिहिलेलं. नदी साफ झाल्यावर त्याच वंशाची अंडी तिच्या तळाच्या खडीत पुरली जातात. वेफ्स्नात आज पोहणारा सॅमन असा वहीतून परत आलेला आहे. माशांच्या जंतांवर आयुष्य घालवलेल्या बाईला याहून आनंदाची गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

ड्रिव्हा नदीकाठी मी मुलीबरोबर उभी राहिले, तिथे मासेमारांसाठी पाटी आहे: दुसऱ्या नदीतून आलात तर बूट, गळ, जाळं निर्जंतुक केल्याशिवाय पाण्यात उतरू नका. ब्रिटन आणि आयर्लंड अजून या जंतापासून मुक्त आहेत, आणि नॉर्वेहून परतणाऱ्या आपल्या मासेमारांना तेही हेच बजावतात. ड्रिव्हा इतकी लांब आणि तिचा वरचा भाग इतका अवघड, की सगळी नदी एकदम शिंपणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून समुद्रापासून पंचवीसेक किलोमीटरवर स्नोवासमेलान इथे २०१७ मध्ये अडथळा बांधला. वर चढणारा सॅमन तिथे अडतो. वरच्या भागातली पिल्लं वयात येऊन समुद्राकडे निघून गेली की तिथे नवीन जन्मत नाहीत, आणि सॅमन नाही तर जंतही नाही. मग वर्षं थांबायचं. २०२२ आणि २०२३ मध्ये खालचा भाग शिंपला. आता दरवर्षी पिल्लं धरून त्यांचे पर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सलग पाच वर्षं काही सापडलं नाही, तरच नदी मुक्त म्हणायची, हा तिथला नियम.

ड्रामेन आणि लिएर या नद्या अजून राहिल्या आहेत. ड्रामेन दक्षिणेकडची मोठी नदी, तीरीफियॉर्ड तलावातून निघून भरवस्तीच्या शहरातून समुद्राला जाते. तिच्यावर विष टाकायचं की दुसरं काही, किती वर्षांत, किती खर्चात, यावर चर्चा चालू आहे. तिच्यातल्या जंताची वंशावळ रेनबो ट्राउटच्या जंताशी जुळते.